आधी वजाबाकी शिका

तुमचा खर्चाचा कागद मी नीट वाचला. वर मोठ्या अक्षरांत ‘पर्यावरणपूरक विवाह’ असं लिहिलंय आणि खाली बेरीज ९,४०,००० रुपयांची आहे. दोघंही माझ्या हाताखालून गेलेले आहात, तेव्हा गोड बोलत बसणार नाही. बसा आणि ऐका. या कागदात एखादं कलम चुकलेलं नाही, अख्खं गणित चुकलंय.

तुम्ही काय केलंत ते सांगते. आधी चारचौघांसारखं थाटाचं लग्न ठरवलंत आणि मग त्यावर हिरव्या वस्तूंची भर घातलीत. बी घातलेल्या कागदाची पत्रिका, पाहुण्यांना वाटायला पाचशे रोपं, बांबूचं स्टेज, तागाच्या पिशवीतून परतीची भेट. लॉन तसंच, डीजे तसाच, आठशे पानं तशीच, प्री-वेडिंगचं शूटिंग तसंच. जुन्या खर्चातून एक रुपया कमी झाला नाही आणि नव्या वस्तूंचे १,१०,००० रुपये वर चढले. निसर्ग जपायचा तर आधी काहीतरी विकत घ्यावं लागतं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी तर नाही शिकवलं. जी वस्तू आणलीच नाही ती बनवायला वीज लागत नाही, वाहून आणायला डिझेल लागत नाही, टाकायला उकिरडा लागत नाही आणि तिचे पैसेही मोजावे लागत नाहीत. कमी खर्चाचं लग्न आणि पर्यावरणाला धरून केलेलं लग्न असे दोन वेगळे बेत आखायची गरजच नाही. एकच वजाबाकी नीट केली की दोन्ही साधतात.

आता एकेक कलम घेऊ.

पहिलं लॉनचं. मे महिना, माण तालुका आणि लॉनवर लग्न! हे लिहिताना हात थांबायला हवा होता. वीस गुंठ्यांची हिरवळ म्हणजे साधारण दोन हजार चौरस मीटर. मेच्या उन्हात ती हिरवी ठेवायची तर चौरस मीटरला रोज पाच लिटर पाणी तरी धरा. झाले दहा हजार लिटर, म्हणजे रोजचा एक टँकर. जलजीवन मिशननं गावाकडच्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलंय. करा भागाकार. एकशे ऐंशी माणसांचं दिवसाचं पाणी तुमच्या फोटोच्या मागे हिरवा रंग दिसावा म्हणून रोज जमिनीत जातंय. २०१९ च्या उन्हाळ्यात आपल्या भागातली माणसं जनावरं घेऊन चारा छावणीत राहिली होती. २०१८ च्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेत राज्यात पहिलं आलेलं टाकेवाडी आपल्याच तालुक्यातलं. तेव्हा तू श्रमदानाला गेला होतास, हाताला आलेले फोड मला दाखवले होतेस. ज्या हातानं पाणी अडवायला चर खणलेस, त्याच हातानं या लॉनचा इसार कसा दिलास? ते पैसे बुडाले तरी चालतील, पण लॉन रद्द करा.

दुसरं कलम पाण्याच्या बाटल्यांचं. दोनशे मिलिलिटरच्या बाटल्या, माणशी दोन, म्हणजे सोळाशे बाटल्या. आत पाणी किती? तीनशे वीस लिटर. वीस लिटरचे सोळा जार आणि धुतलेले स्टीलचे पेले, एवढ्यात हे काम होतं. जार रिकामे झाले की परत जातात. सोळाशे बाटल्या कुठे जातील, याचं उत्तर कागदावर नाही. मी सांगते. निम्म्या अर्ध्या पिऊन खुर्चीखाली पडतील, संध्याकाळी पोत्यात भरल्या जातील आणि जी पोती भंगारवाला उचलणार नाही ती ओढ्याच्या काठाला जळतील. तो धूर आपल्याच वस्तीवर येतो.

तिसरं कलम तुम्ही लिहिलेलंच नाही, कारण त्याला खर्च म्हणायची कुणाला सवय नाही. अक्षता. आठशे माणसं आणि सगळ्या मंगलाष्टकांत मिळून माणशी वीस ग्रॅम तांदूळ. सोळा किलो झाले. एक किलो तांदूळ पिकवायला शेतात साधारण अडीच हजार लिटर पाणी लागतं. सोळा गुणिले अडीच हजार, चाळीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे चार टँकर. आपल्या रानात तांदूळ होत नाही, तो दुसऱ्याच्या पाण्यावर पिकून येतो आणि आपण तो रंगवून पायाखाली तुडवतो. तो पुन्हा शिजवताही येत नाही. वधूवरांच्या डोक्यावर चार दाणे घरच्या वडीलधाऱ्यांनी टाकावेत. बाकीच्यांच्या हातात झेंडूच्या पाकळ्या द्या. आशीर्वादाला वजन लागत नाही.

आता जेवण. इथे थोडा वेळ थांबते, कारण सगळ्यात मोठी नासाडी इथेच आहे.

गेल्या लगीनसराईत मी एका कार्यालयाच्या मागच्या दाराशी उभी होते. तिथे तीन निळे ड्रम ठेवलेले होते. वरच्या थरात न मोडलेल्या पुऱ्या, डाळीत बुडालेले गुलाबजाम, पनीरचे तुकडे, मंचुरियन, भाताचे ढीग आणि त्यातच कागदी डिश, चमचे, टिश्यू. दोन बायका हात घालून डिश वेगळ्या करायचा प्रयत्न करत होत्या. आचाऱ्याला विचारलं, तर म्हणाला, बाई, बाराशेचं केलं, आठशे जेवले, मालकाला कमी पडायला नको होतं. कमी पडण्याची भीती आणि वाया जाण्याची बेफिकिरी, या दोन्ही तुमच्या कागदात आहेत. अकरा भाज्या आणि गोडाचे पाच प्रकार लिहिलेत. मे महिन्यात हिरवा वाटाणा आणि फ्लॉवर कुठून येतो? शीतगृहातून किंवा लांबच्या बाजारातून. बुफेत माणूस डोळ्यांनी वाढून घेतो आणि पोटानं नाकारतो. माणशी शंभर ग्रॅम उष्टं राहिलं तरी आठशे माणसांचे ऐंशी किलो झाले. ते अन्न उकिरड्याच्या ढिगात हवा न लागता कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो, जो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पुढे आहे.

पंगत घाला. वाढपी घरचे, भावकीतले. वाढणारा समोर उभा असला की माणूस हात आडवा करतो आणि पानात हवं तेवढंच घेतो. मटकीची उसळ, एक रस्साभाजी, भाकरी किंवा चपाती, वरणभात, कोशिंबीर आणि आमरस. मे महिना आंब्याचाच आहे. या जेवणाला नाव ठेवणारा पाहुणा आपला नाही. दोन पंगतींच्या अंदाजानं भात टप्प्याटप्प्यानं लावायला आचाऱ्याला सांगा. आणि उरलंच तर ते पातेल्यातलं, उष्टं न झालेलं, तासाभरात कुठे पोचवायचं हे आदल्या दिवशी ठरवून ठेवा. वसतिगृह असेल, ऊसतोडीहून परतलेल्यांची वस्ती असेल. संध्याकाळपर्यंत उन्हात ठेवून मग वाटलेलं अन्न हे दान होत नाही, त्यानं माणसं आजारी पडतात.

मुहूर्त पाळा. पत्रिकेवर साडेबारा आणि लग्न लागतं अडीचला, कारण कुणीतरी पुढारी यायचा असतो आणि आल्यावर त्याचं आशीर्वादाचं भाषण असतं. तोवर पंखे, जनरेटर चालू, म्हातारी माणसं उन्हात ताटकळलेली, आणि निम्मे पाहुणे जेवून किंवा न जेवता निघून गेलेले. केलेल्या अन्नाचा अंदाज तिथेच कोलमडतो. सकाळी नऊचा मुहूर्त काढा, नऊला लग्न लावा. ज्याला यायचं तो येईल.

ताटांबद्दल तुम्ही ‘कागदी, इको-फ्रेंडली’ असं लिहिलंय. चहाचा कागदी कप फाडून बघितलाय का कधी? आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा झिरपत नाही. त्या थरामुळे तो कप धड कुजतही नाही आणि सहजी रद्दीतही जात नाही. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच पत्रावळींनाही खाली चकचकीत अस्तर लावलेलं असतं. विकत घेताना कडेला नख लावून बघा, पापुद्रा सुटला तर दुकानदाराला परत द्या. आपल्याकडे पाण्याची टंचाई, म्हणून शेकडो ताटं धुण्यापेक्षा निव्वळ पानांची पत्रावळ आणि द्रोण बरे. जेवण झालं की शेणखताच्या खड्ड्यात टाकता येतात. पेले आणि वाढायची भांडी मात्र स्टीलचीच, भांडीवाल्याकडून भाड्यानं आणा. कोकणात वाडीवाडीची सामाईक भांडी असतात, कुणाच्याही कार्याला तीच निघतात. आपल्या गावात बचत गटानं असा संच केला तर पुढच्या प्रत्येक लग्नाचा कचरा वाचेल. तुम्ही रोपांवर आणि परतीच्या भेटीवर घालणार होता त्या पैशांतून पहिले पन्नास पेले घेऊन द्या.

रोपांचंही ऐका. पाचशे रोपं काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत येतात. मे महिन्यात, भर दुपारी, दुचाकीवरून जाणारा पाहुणा ते रोप घरी नेऊन लावील आणि पावसापर्यंत जगवील, असं तुम्हाला मनापासून वाटतं? बरीचशी रोपं खुर्चीवरच राहतात, हे तुम्हीही लग्नाकार्यांत पाहिलं असणार. झाड लावायचं असेल तर जुलैत पाऊस झाल्यावर दोघांनी मिळून लिंबाची किंवा वडाची पाच झाडं गावठाणात लावा आणि तीन उन्हाळे पाणी घाला. पाचशे वाटण्यापेक्षा पाच जगवणं अवघड आहे, म्हणून तेच करा.

सजावटीत स्टेजवर तुमच्या नावांची थर्माकोलची अक्षरं लिहिली आहेत. राज्यात मार्च २०१८ पासून प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली, तिच्या यादीत प्लास्टिकची ताटं, पेले, चमचे आहेत, सजावटीचं थर्माकोल आहे आणि निमंत्रण पत्रिकेवर गुंडाळायचा प्लास्टिकचा कागदही आहे. शिकलेल्या मुलांना हे ठाऊक असायला हवं. शंभराहून जास्त माणसं कार्यालयाबाहेर, मोकळ्या जागेत जमवणार असाल तर तीन दिवस आधी ग्रामपंचायतीला कळवा आणि ओला-सुका कचरा वेगळा करून द्या. स्टेजवर उडवायचे ते चमकीचे कागदी फटाके म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्या. वाऱ्यानं रानात जातात, शेळ्या खातात. मांडवाला आंब्याच्या आणि जांभळाच्या डहाळ्या बांधा, मोगऱ्याचे गजरे आणि झेंडूच्या माळा जवळच्या शेतकऱ्याकडून घ्या. परदेशी फुलं आणि ती खोचायचे हिरवे फोमचे ठोकळे नकोत. तो फोमसुद्धा प्लास्टिकच आहे.

डीजे खोडून टाका. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्री दहानंतर लाउडस्पीकरला मनाई आहे. वरातीच्या वाटेवर घराघरांत म्हातारी माणसं आहेत, तान्ही बाळं आहेत, परीक्षेची मुलं आहेत. गावातल्या सनई-हलगीवाल्यांना बोलवा. त्यांच्या घरात चार पैसे जातील आणि भिंती हादरणार नाहीत.

पत्रिका आठशे आणि प्रत्येकीला ४५ रुपये. वर निमंत्रकांची, व्यवस्थापकांची, प्रमुख उपस्थितांची साठ नावं. बी घातलेला कागद आहे म्हणून ती चांगली होत नाही, ती कुंडीत कुणी पेरत नाही. फोनवर एक साधा मजकूर पाठवा आणि वडीलधाऱ्यांच्या घरी दोघांनी जाऊन पाया पडून अक्षत द्या. आग्रहाचं निमंत्रण त्यालाच म्हणतात.

मानपानाचे टॉवेल, टोप्या, शाली आणि आहेराच्या साड्या यांना तुम्ही ९०,००० रुपये धरलेत. त्यातली एकही साडी कुणी नेसणार नाही. पॉलिस्टरची ती घडी या लग्नातून त्या लग्नात फिरते आणि शेवटी कपाटाच्या तळाशी न कुजता पडून राहते. दोन्ही घरांनी एकत्र बसून आहेर बंद करा, घेणारही नाही आणि देणारही नाही असं निमंत्रणाच्या मजकुरातच लिहा. हळदीला वेगळे कपडे, संगीताला वेगळे, शूटिंगला वेगळे, हेही खोडा. अगं, तुझ्या आईची पैठणी अजून टवटवीत आहे. ती नेस. मुंबईहून येणाऱ्या भावकीनं वीस गाड्या काढण्यापेक्षा एसटीची एक प्रासंगिक कराराची गाडी ठरवावी.

आणि आता ज्याच्यासाठी तुम्हाला खरं बोलावलं ते. अगं, तुझे वडील डाळिंबाच्या बागेवर पतसंस्थेचं चार लाखांचं कर्ज काढायला निघालेत. बारा टक्क्यांनी वर्षाचं व्याज अठ्ठेचाळीस हजार, महिन्याला चार हजार. मुद्दल तसंच उभं. बागेवर तेल्या रोग आला की अख्खा हंगाम हातचा जातो, हे तू लहानपणापासून बघत आलीस. आणि तू, जावई होऊ घातलेला, हे ऐकून गप्प बसलास. ‘त्यांचीच हौस आहे’ असं म्हणालास. बापाला हौस नसते, त्याला धास्ती असते. मुलीला सासरी कमी लेखतील याची. ती धास्ती घालवणं तुझं काम होतं. तू ते केलं नाहीस, याची मला लाज वाटली.

शेजारच्या खटाव तालुक्यातलं कटगुण हे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव. २४ सप्टेंबर १८७३ ला त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लावून दाखवला, थोडक्या खर्चात. पुढे या सातारा जिल्ह्यात ती चळवळ रुजली. लग्नाला मोठा खर्च लागत नाही, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं. गाडगेबाबांनी गावोगावच्या कीर्तनांत कर्ज काढून सण-लग्न करू नका म्हणून लोकांना बजावलं. तुम्ही शाळेत त्यांच्या जयंतीला भाषणं केली आहेत.

लोक काय म्हणतील, हे मला सांगू नका. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच मुभा होती. त्या दिवसांत आपल्या गावात लग्नं लागली. त्या जोडप्यांची पोरं आज अंगणवाडीत जातात. कुणाचा संसार माणसं कमी होती म्हणून मोडला नाही. मुंडावळ्या, अंतरपाट, मंगलाष्टका, सप्तपदी, जात्यावरची हळद, घराघरातलं केळवण, यातलं काहीही महाग नाही आणि यातल्या कशानंही कचरा होत नाही. ते सगळं ठेवा. महाग आहे तो दिखावा.

नवा हिशेब लिहून घ्या. दोनशे माणसं. गावातल्या देवळाचा सभामंडप आणि पुढं साधा मांडव, २५,००० रुपये. जेवण माणशी १८० प्रमाणे ३६,०००. दोघांचे कपडे ४०,०००. फोटोवाला अर्धा दिवस १५,०००. वाजंत्री १०,०००. भांडी आणि मदतनीस ८,०००. फुलं ५,०००. किरकोळ १०,०००. बेरीज १,४९,००० रुपये, आणि ती दोन्ही घरांनी निम्मी-निम्मी करायची. लग्न झालं की ग्रामपंचायतीत जाऊन नोंदणी करा. विधीच नको असतील तर विशेष विवाह कायदा आहे. तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार, बस्स. शेतकरी आणि शेतमजुरांच्या मुलींसाठी शासनाची शुभमंगल सामूहिक/नोंदणीकृत विवाह योजना आहे, पात्र जोडप्याला २५,००० रुपयांचं अनुदान मिळतं. त्याची चौकशी करायला कमीपणा वाटून घेऊ नका.

घरच्यांना हे मी समजावणार नाही. तुमचं लग्न आहे, तुम्ही समजवा. आधी चिडतील, मग रुसतील, मामा उठून जाईल. जाऊ द्या, मांडवात येतो परत. आज वडिलांसमोर ठाम उभं राहता आलं नाही, तर उद्या संसारात कुठल्याच खर्चाला नाही म्हणता येणार नाही. पतसंस्थेच्या अर्जावर अजून सही झालेली नाही. आज संध्याकाळी दोघं मिळून घरी जा आणि ती सही थांबवा. पाणी, अन्न आणि बापाचं कर्ज, या तिन्हींचा हिशेब ज्याला मांडता येत नाही त्यानं बोहल्यावर उभं राहू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.